केदारखेड्याची भोरडी

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणती घरफोडी परतूरची आणि कोणती अंबडची, असं कुणी विचारलं तर मी नक्की चुकेन. जालन्याच्या सोडतीचं प्रकरण मात्र जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं. त्यातल्या माणसांची नावं देण्याचा मला अधिकार नाही. गावाचं नाव तेवढं द्यावं लागेल, कारण सगळा तपास त्या नावापासूनच सुरू झाला.

निजामी अमदानीची ती अखेरची वर्षं. मी जालन्याला अमीन होतो, म्हणजे आजच्या भाषेत ठाण्याचा फौजदार. घरात मराठी आणि दप्तरात उर्दू, अशी माझ्यासारख्या अनेकांची रीत होती. त्या काळी बायकांच्या दवाखान्याच्या इमारतीसाठी सरकारी मंजुरीने एक सोडत निघत असे. लोक तिला लॉटरीच म्हणत. काही वडीलधारी मंडळी तिला जुगार म्हणून नाकं मुरडत, पण त्यांच्याच घरातली मुलं मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, जाऊन तिकीट घेऊन येत.

सोडतीचे नियम कडक होते. तिकिटं सरकारी छापखान्यात छापली जात आणि फक्त परवानेदार विक्रेत्यालाच ती विकता येत. प्रत्येक तिकिटाचे दोन भाग असत. एक घेणाऱ्याला मिळे, दुसरा कचेरीत जमा होई. न खपलेली तिकिटं सोडतीच्या आधी परत मागवून त्यांना भोक पाडून रद्द करत, म्हणजे मागाहून कुणी लबाडी करायला नको. आणखी एक सोय होती. बक्षीस लागल्याचं शेजारीपाजारी कळू नये म्हणून पुष्कळ लोक तिकिटावर स्वतःचं नाव घालत नसत. त्याऐवजी मनाला येईल ती खूण लिहायची मुभा होती. कुणी देवाचं नाव लिही, कुणी घोड्याचं. बक्षीस घ्यायला येताना तिकीट दाखवायचं आणि खूण सांगायची. ठरलेल्या मुदतीत कुणी आलं नाही तर रक्कम दवाखान्याच्या फंडात जाई.

सोडत तहसील कचेरीच्या आवारात, भर दुपारी, लोकांसमक्ष होई. पत्र्याची दोन पिंपं ठेवलेली असत, एकात क्रमांकांच्या गुंडाळ्या आणि दुसऱ्यात बक्षिसांच्या. पिंपांवरची लाखेची मोहर तहसीलदार सगळ्यांना दाखवून मगच फोडत. शहरातले दोन प्रतिष्ठित व्यापारी कोपरापर्यंत बाह्या गुंडाळून पिंपात हात घालत. मुन्शी क्रमांक वाचून खूण पुकारी. माझ्याकडे बंदोबस्त होता.

त्या दिवशी पहिल्या बक्षिसाचा क्रमांक निघाला. मुन्शीने चष्मा सारखा केला आणि अडखळत वाचलं, "केदारखेडे की भोरडी."

आवारात हशा पिकला. भोरडी म्हणजे हिवाळ्यात थव्याने येणारा, उभ्या ज्वारीचा दाणा टिपणारा पक्षी. कुणीतरी ओरडलं, "आरं, पाखराला बक्षीस लागलं!" मीही हसलो.

बातमी बाजाराच्या गाड्यांबरोबर भोकरदनकडच्या गावांत गेली. दोन-चार दिवसांत केदारखेड्याचे पाटील ठाण्यात हजर झाले. पायताण बाहेर काढून, रुमाल सावरत ते बाकावर टेकले.

"अमीनसाहेब, आमच्या गावाच्या नावानं बक्षीस लागलं म्हंत्यात. पण गावात तिकीट घेतलेला एक माणूस न्हाई. मी घरोघर इचारलं. अन् तहसिलात जो माणूस तिकीट घेऊन आल्ता म्हंत्यात, तो आमच्या गावचा न्हाई. बिलकुल न्हाई."

तहसीलदारांचा रुक्का त्याच दिवशी आला. हक्क सांगणारा इसम जालन्यातलाच एक गाडीवान असून त्याच्याविषयी संशय आहे, चौकशी करावी, असा मजकूर होता.

गाडीवानाला बोलावून घेतलं. तिशी-पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा, अबोल माणूस. बैलांच्या सवयीने असेल, पण तो उभा राहिला की एका जागी खिळल्यासारखा राही.

"तिकीट कुणाचं?"

"माझं, साहेब."

"केदारखेड्याला कोण आहे तुझं?"

"कुणी न्हाई."

"गाव पाहिलंस कधी?"

"न्हाई."

"मग ही खूण कशी घातलीस?"

"सुचली. घातली."

मोंढ्यातल्या परवानेदार विक्रेत्याला आणवलं. त्याने पाहताक्षणी ओळखलं. "हाच हो. दर सोडतीला एक तिकीट घेतो अन् दरवेळी हीच खूण घालायला लावतो. मी एकदा म्हटलं, बाबा, लक्ष्मीचं नाव घाल, पाखराचं काय घालतो? तर म्हणला, लिहा जसं सांगितलं तसं."

कायद्याने प्रकरण इथेच मिटत होतं. तिकीट त्याच्याजवळ, खूण त्याला माहीत, घेताना पाहणारा साक्षीदार हजर. पण माझ्या जमादाराचं समाधान होईना. तो मुरलेला, पिकल्या दाढीचा माणूस होता. गाडीवान गेल्यावर तो म्हणाला, "साब, इने झूट नै बोलरा. पन पूरा बी नै बोलरा."

मलाही तसंच वाटत होतं. दुसऱ्या दिवशी मी घोड्यावरून केदारखेड्याला गेलो.

चावडीत लोक जमले, चहा झाला, गप्पा झाल्या, हाती काही आलं नाही. परत निघालो तेव्हा ज्वारी हुरड्यावर आलेली होती. गावाबाहेरच्या एका वावरात माळ्यावर उभी राहून एक बाई गोफण फिरवत होती. दगड सुटला आणि भोरड्यांचा थवा काळ्या चादरीसारखा उचलला जाऊन पुढच्या वावरात उतरला. मला पाहून ती माळ्यावरून खाली उतरली आणि बांधापर्यंत आली. पदर डोक्यावर घेतला आणि घोड्यापासून अंतर ठेवून उभी राहिली.

"लॉटरीचे साहेब तुमीच का?"

"मी अमीन. का?"

"ती भोरडी मी हाय."

मी खाली उतरलो.

ती सांगू लागली. बोलणं आधी चाचरत होतं, मग सुटत गेलं. "लगीन होऊन आले तवा मी लई बोलायची. सारखी कलकल. मंग ह्यांनी नाव ठुलं भोरडी. सासूबाईच्या देखत बायकूला हाक मारायची सोय न्हाई. तर हे वावरातून वरडायचे, 'भोरड्या आल्या, भोरड्या!' म्हंजी मी समजायचं, का भाकरी घेऊन ये. सासूबाई बिचारी गोफण घेऊन पळायची." ती हसली आणि हसता हसता तिने पदराचं टोक तोंडाला लावलं. "हे नाव त्यांच्या अन् माझ्याबिगर कुणाला ठाव न्हाई, साहेब. सासूबाईलाबी न्हाई."

"नवरा कुठे आहे?"

"एक दिस बाजाराला म्हणून गेल्ते. आलेच न्हाईत."

त्याला बरीच वर्षं झाली होती. कुणी म्हणालं मुंबईला गेला, कुणी म्हणालं दुसरी केली, कुणी म्हणालं गोसाव्यांच्या मागे लागला. दिराने दोनदा सांगून पाहिलं, माहेरी जा. ती गेली नाही. कपाळावर कुंकू होतं, तेही मोठं, लांबून दिसेल असं.

"बक्षिसावर तुमचा हक्क सांगायचा आहे का?" मी विचारलं.

तिला प्रश्न समजलाच नाही असं वाटलं. "बक्षीस काय करू? तिकीट कुणाच्या हातात हाय ते सांगा. त्याला नाव कुणी सांगितलं तेवढं इचारा."

परतीच्या वाटेवर माझं मन अगदी वेगळ्या दिशेने चालायला लागलं. वर्षानुवर्षं बेपत्ता असलेला माणूस. त्याच्या बायकोचं खाजगी नाव एका परक्या गाडीवानाला माहीत. पोलिसाच्या डोक्यात यावरून एकच गोष्ट येते. मी ठाण्यात पोचताच गाडीवानाला ताब्यात घेतलं, रोजनामच्यात नोंद केली आणि त्याला हवालातीत बसवलं. हे प्रकरण आता लॉटरीचं राहिलं नव्हतं. खून शाबीत झाला असता तर गाडीवानाची मान फासात गेली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशी सुरू केली. तो भिंतीला टेकून बसला होता. रात्री दिलेली भाकरी तशीच होती.

"भोरडी कोण?"

"पाखरू."

"ती बाई आहे. केदारखेड्याच्या वावरात काल माझ्याशी बोलली."

त्याने खाली मान घातली. एवढ्या थंडीत त्याच्या कानशिलावर घाम आला होता.

"तिच्या नवऱ्याची आणि तुझी गाठ कुठे पडली?"

त्याने भाकरी बाजूला सारली.

"त्याच्याजवळ काय होतं? बैल? दागिना?"

जमादाराने माझ्याकडे पाहिलं, मी नकारार्थी मान हलवली. हात उगारून मिळालेला जबाब न्यायालयात टिकत नाही, आणि या माणसावर तो उपाय चालणार नाही हे दिसतच होतं. मी आवाज चढवला.

"प्रेत कुठे टाकलंस?"

त्याने झटकन वर पाहिलं. "मेला म्हणून कोण म्हणलं?"

शब्द तोंडातून गेल्यावर त्याला कळलं. त्याने डोळे मिटून घेतले आणि तोंडही. जमादार माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "जिंदा है, साब." पण त्यापुढे दुपारपर्यंत मी सगळ्या बाजूंनी विचारलं. कैदेची भीती घातली, माफीचं आमिष दाखवलं. तो म्हणे, "तिकीट माझं हाय. मला फाशी द्या, पण मला इचारू नका." इतक्या वर्षांत अनेक प्रकारचे हट्टी पाहिले होते. स्वतःला वाचवणाऱ्याचा हट्ट कुठेतरी सैल पडतो. याचा पडेना.

तेवढ्यात पाटलांची गाडी ठाण्यापुढे थांबली. बाई आली होती. त्या काळी बायामाणसं ठाण्याची पायरी चढत नसत. ती अंगणातल्या लिंबाखाली बसून राहिली. मी गाडीवानाला बाहेर आणवलं आणि तिच्यासमोर उभं केलं. मनात म्हटलं, ही रडेल, शिव्याशाप देईल, त्यात हा फुटेल.

ती रडली नाही. त्याच्याकडे बराच वेळ नुसती पाहत राहिली. त्याच्या सदऱ्याचे फाटके खांदे, धुळीने भरलेले पाय, सगळं तिने पाहिलं. मग जसं माहेरहून आलेल्या माणसाला विचारावं तसं विचारलं,

"जेवतात का बराबर?"

गाडीवानाने डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं.

"हातानं करून खात्यात का कोणी वाढतं?"

"हातानं न्हाई जमत आता, वहिनी," तो म्हणाला. "मी गेलो तर कालवून देतो."

आणि तो खाली बसला, गुडघ्यांत डोकं घातलं आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. ठाण्यातले जवान ओट्यावर येऊन उभे राहिले.

मग त्याने सगळं सांगितलं. शहराबाहेर, नदीपलीकडे महारोग्यांची एक वसाहत होती. देणग्यांवर चालायची. गाडीवान तिथे धान्य पोचवीत असे. बाकीचे गाडीवान फाटकाबाहेर पोती टाकून पळत, हा आत जाई. तिथे केदारखेड्याचा तो माणूस त्याला भेटला. अंगावर पहिला चट्टा दिसला तेव्हाच तो घर सोडून निघाला होता. गावाने दोघांनाही वेशीबाहेर काढलं असतं. बायकोच्या पाठच्या बहिणींची लग्नं व्हायची होती, त्या घरी बसल्या असत्या. म्हणून त्याने कुणाला काही न सांगता बाजाराची वाट धरली आणि एका दिवसाच्या गाडीवाटेवर येऊन इतकी वर्षं राहिला.

"त्याला कुठून तरी कळलं का लॉटरीत खूण पुकारत्यात," गाडीवान म्हणाला. "म्हणला, माझ्यासाठी तिकीट घेत जा. लागलं तर कचेरीत तिचं नाव पुकारतील. लोक हसतील. हसतील म्हंजी गावोगाव सांगतील. केदारखेड्यालाबी जाईल. तिच्या कानावर गेलं का ती समजंल, का मी हाय अन् तिला इसरलो न्हाई. तेवढं बस. पैसे तिला नेऊन दे, पण माझा ठिकाणा सांगू नको. शपथ घातली, साहेब. मी कसं सांगू?"

नियमाप्रमाणे त्या आजारी माणसाला मुखत्यारनामा करून गाडीवानाला पाठवता आलं असतं. पण त्यावर ठिकाण आणि साक्षी लागल्या असत्या. म्हणून याने तिकीट आपलंच म्हणून सांगितलं.

बाई उठून उभी राहिली. "चला," म्हणाली.

मी समजावून पाहिलं. रोगाची त्या काळी केवढी धास्ती होती हे आजच्या वाचकांना सांगून कळणार नाही. पाटीलसुद्धा चाचरले. ती कुणाचं ऐकून घेईना. शेवटी मी, जमादार, गाडीवान आणि ती असे निघालो.

वसाहतीला कमरेइतकी मातीची भिंत होती. आत लिंबाची झाडं, कुडाच्या खोल्या, एक विहीर. व्यवस्थापकाने आम्हाला एका खोलीपुढे नेलं. दाराला बांबूचा तट्ट्या लावलेला होता.

गाडीवानाने हाक दिली. आतून आवाज आला, "आलास? दिले का नेऊन?"

गाडीवानाच्या आधी बाईच बोलली.

"भाकरी आणली न्हाई. घाईत निघाले."

आत काहीतरी भांडं पडल्याचा आवाज झाला. मग तो म्हणाला, "तू जा. माझ्याकडं बघू नको."

"बघाया आले न्हाई. बोलाया आले."

ती तट्ट्याला पाठ लावून खाली बसली आणि बोलू लागली. सासूबाई कशा गेल्या, शेवटी त्यांनी कुणाचं नाव घेतलं. बहिणींची लग्नं कुठे झाली, कुणाला मुलं किती. थोरला बैल विकला तेव्हा तो वेशीतून कसा मागे वळला. कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कुणाची आटली. मी आणि जमादार लांब जाऊन उभे राहिलो, पण तिचा आवाज तिथपर्यंत येत होता. इतक्या वर्षांचं साठवलेलं बोलणं, एका दमात. ऊन कलायला लागलं तेव्हा तो एकदम म्हणाला, "आन् पांदीतला तो रस्ता झाला का?"

"कुठला होतो! पाटील नुसतं म्हणत्यात."

आणि आत तो हसला. जमादाराने रुमाल काढून तोंड पुसलं आणि पश्चिमेकडे पाहत उभा राहिला.

पुढचं काम कागदी होतं. मी तहसीलदारांना सविस्तर अहवाल दिला. तिकीट गाडीवानाने दुसऱ्याच्या वतीने घेतलं, फसवणुकीचा हेतू नव्हता, असं लिहिलं. वसाहतीच्या डॉक्टरांसमोर खऱ्या मालकाचा जबाब झाला. तहसीलदार शिस्तीचा माणूस, नियमाच्या एका अक्षरापलीकडे न जाणारा. त्याने अहवाल वाचला, पुन्हा वाचला, आणि रक्कम अदा करण्याचा हुकूम लिहिताना माझ्याकडे पाहिलं नाही. गाडीवानाला मी स्वतः फाटकापर्यंत सोडलं. त्याचे बैल दोन दिवस शेजाऱ्याकडे होते, त्याला त्याचीच काळजी लागली होती.

बाई केदारखेड्याला परत गेली नाही. निरोग्याला वसाहतीत राहायची मनाई होती. त्या पैशातून तिने भिंतीच्या बाहेर एक खोली बांधून घेतली. ती बाहेर, तो आत, मधे कमरेइतकी भिंत. काही महिन्यांनी तो तोंडाला फडकं न गुंडाळता भिंतीशी येऊन बसायला लागला, असं गाडीवानाने मला रस्त्यात भेटून सांगितलं. सांगताना त्याचा चेहरा उजळला होता.

या प्रकरणाने मला शिकवलं ते कोणत्याही पोलीस शाळेत शिकवत नाहीत. तोवर मी गप्प बसणाऱ्याला गुन्हेगार समजत असे. पुढे कुणी गप्प बसला की मी आधी स्वतःला विचारी, हा कुणाला सांभाळतो आहे? कैक वेळा तिथून तपास सुटला. आणि बेपत्ता माणसाची वर्दी द्यायला कुणी आलं की मी जवानाला सांगे, आधी त्यांना बसू दे, बोलू दे. आमच्या छापील प्रश्नांत त्यांना हवं ते एकही नसतं.

त्यानंतर संस्थानात दिवस बिघडत गेले. माझ्या बदलीचा हुकूम आला. जालना सोडण्याआधी मी एकदा वसाहतीकडे गेलो. बाई विहिरीवर गेली होती. तो भिंतीशी एकटाच उन्हात बसला होता. बोटं झडलेली, पण चेहऱ्यावर समाधान होतं. मी विचारलं, काही कमी-जास्त? काही तक्रार?

"न्हाई, साहेब. बराबर चाललंय." मग त्याने विहिरीकडे पाहून आवाज खाली आणला. "रोज संध्याकाळी गावाकडचं सांगती. आज जवारी निसवली, आज मोट जुंपली, आज कुणाच्या घरी पाळणा हलला. मी ऐकून राह्यतो. तिला गाव सोडून वरीस होत आलं, तिकडून कुणी येत न्हाई, का निरोप न्हाई. समदं मनानं रचती."

त्याने अंगावरची घोंगडी सावरली.

"मला ठाव हाय, हे तिला सांगू नका, साहेब. सांगायची थांबंल."

बाई कळशी घेऊन येताना दिसली. मी रामराम केला आणि टांग्यात बसलो. मी तिला सांगितलं नाही.